‘द व्हिलेज’ : कलाटण्या, दैवदुर्विलास आणि शेवटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली सगळं रहस्य फोडलेलं आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, जेमतेम पावणेदोन तासांचा आहे. नंतर या. एकदा कळलं की पहिल्यांदा पाहण्याची मजा परत मिळत नाही, आणि या सिनेमाच्या बाबतीत तर ती मिळायलाच हवी.

मुळात हा सिनेमा कोणता, कोणाचा?

एम. नाइट श्यामलन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘द व्हिलेज’. अमेरिकेत ३० जुलै २००४ रोजी प्रदर्शित झाला. आयव्ही वॉकर म्हणजे ब्राइस डॅलस हॉवर्ड, ल्यूशस हंट म्हणजे वाकीन फीनिक्स, नोआ पर्सी म्हणजे एड्रियन ब्रोडी. मोठ्यांमध्ये विल्यम हर्ट, सिगर्नी वीव्हर, ब्रेंडन ग्लीसन अशी तगडी फळी आहे. छायालेखन रॉजर डीकिन्स यांचं. पेन्सिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्डजवळ एका मोकळ्या माळावर अख्खं गाव उभारून चित्रीकरण केलं. आधी नाव ‘द वूड्स’ ठरलं होतं, पण त्याच नावाचा दुसरा सिनेमा तयार होत असल्यामुळे बदलावं लागलं. बरंच झालं, कारण जंगल इथे नुसतं कुंपणापुरतं आहे.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

कॉव्हिंग्टन नावाचं एकाकी गाव. चारी बाजूंनी जंगल, आणि त्या जंगलात ‘ज्यांच्याबद्दल आपण बोलत नाही ते’ राहतात. त्यांच्यात आणि गावात एक अलिखित करार आहे : तुम्ही आमच्या हद्दीत यायचं नाही, आम्ही तुमच्या. हद्दीवर मनोरे, मनोऱ्यांवर रात्रीचा पहारा. लाल रंग वर्ज्य, कारण तो त्यांना आकर्षित करतो. पिवळा सुरक्षित. कारभार ज्येष्ठांची सभा पाहते आणि एडवर्ड वॉकर तिचा म्होरक्या. त्याची आंधळी मुलगी आयव्ही आणि अबोल ल्यूशस यांचं लग्न ठरतं. आयव्हीवर जीव असलेला, बुद्धीने लहान मूलच राहिलेला नोआ ल्यूशसला चाकूने भोसकतो. औषध नसेल तर ल्यूशस वाचणार नाही, आणि औषध जंगलापलीकडच्या ‘शहरांत’ आहे. ते आणायला आयव्ही निघते.

एकूण कलाटण्या किती? लोक तर एकच सांगतात.

‘अरे, ते सगळं आजच्या काळातलंच असतं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. ती शेवटची. तिच्याआधी निदान तीन आहेत, आणि श्यामलनचं खरं कसब त्यांच्या क्रमात दिसतं.

पहिली म्हणजे ल्यूशसवरचा हल्ला. तोपर्यंत आपण त्यालाच नायक धरून चाललेलो असतो. जंगलात जायची परवानगी मागतो तो, हद्द ओलांडून चार पावलं आत जातो तो. म्हणजे औषध आणायलाही तोच जाणार, हे आपण मनात पक्कं केलेलं असतं. आणि सिनेमा अर्ध्यावर असताना त्यालाच खाटेवर पाडलं जातं. हा धक्का दिलाय कसा तेही पाहा. नोआ दाराशी येतो, ल्यूशस त्याच्याशी समजुतीने बोलतो. चाकू आपल्याला आधी दिसतच नाही, दिसतो ल्यूशसचा चेहरा आणि खाली वळलेली त्याची नजर. काय झालं हे त्याला आणि आपल्याला एकदमच कळतं. इथे किंकाळी नाही, पळापळही नाही. राक्षसांच्या सिनेमातला सगळ्यात भयंकर प्रसंग भर दुपारच्या उजेडात, घरातल्या घरात घडतो आणि तो करतो गावातलाच एक भोळा पोरगा.

दुसरी कलाटणी त्या वापरायला मनाई असलेल्या जुन्या छपरीतली. एडवर्ड आयव्हीला तिथे नेतो, किंचाळू नकोस असं बजावतो आणि तिचा हात एका वेषाला लावतो. नखं, काटे, झगा. प्राणी वगैरे काही नाही, ज्येष्ठच आळीपाळीने हे चढवून गाव हिंडतात. हद्दीवर टाकलेलं मांस नेणारेही तेच.

तिसरी जंगलात. तो वेष घातलेलं काहीतरी आयव्हीच्या मागे लागतं, ती त्याला चकवून खड्ड्यात पाडते, आणि मरताना दिसतो नोआ. चौथी मग जंगलाभोवतीच्या भिंतीपलीकडची : तिकडे मोटारी आहेत, काळ आजचाच आहे.

प्राणी खोटे आहेत हे मध्येच का सांगून टाकलं? शेवटपर्यंत ताणायला हवं होतं.

ही तक्रार मला कधीच पटली नाही. ते शेवटी उघड केलं असतं तर सिनेमा तिथेच संपला असता, आणि प्रेक्षक ‘हात्तिच्या!’ म्हणत उठला असता. मध्ये सांगितल्यामुळे तीन गोष्टी साधतात.

एक म्हणजे आपण गाफील होतो. एक गुपित हाती लागलं की आता सगळं कळलं असं वाटतं, आणि दुसरं गुपित त्याच्याच मागे दडून राहतं. गाव खोट्या भीतीवर चाललंय हे कळल्यावरही इसवी सनाबद्दल आपल्याला संशय येत नाही.

दोन, छपरीतून बाहेर पडल्यावर आयव्ही आणि आपण एका बाजूला येतो, बाकी गाव दुसऱ्या बाजूला. तिच्याबरोबर दोन तरणीबांड पोरं निघतात. आधी क्रिस्टॉप परत फिरतो, मग फिंटन. दोघांचीही भीतीने बोबडी वळलेली. त्यांना धीर द्यायला आयव्हीकडे सगळ्यात मोठं सत्य आहे, पण ते सांगायची तिला बंदी. म्हणून ती त्यांना मंतरलेले खडे देते! खोटं उघडं पडल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं, तर आणखी एक खोटं सांगितलं. ती गादीला योग्य वारस आहे हे तिथेच समजतं.

तीन, एडवर्ड बोलता बोलता एक बारीकसा खडा टाकून ठेवतो : या जंगलात काहीतरी असल्याच्या वदंता होत्याच, आपण शिकवायचो त्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख आहे. झालं. मघाशी शंभर टक्के खोटे ठरलेले प्राणी पुन्हा पाच टक्के खरे होतात. जंगलात आयव्ही लाल बोरांच्या झुडपांमध्ये उभी राहते. तिला रंग दिसत नाही, आपल्याला दिसतो. हे सगळं थोतांड आहे हे माहीत असूनही पोटात गोळा येतो. बागुलबुवा खोटा हे समजणं आणि त्याची भीती जाणं यात किती अंतर असतं, ते श्यामलन आपल्याच अंगावर दाखवून देतो.

शेवटची कलाटणी आधी ओळखता येते का? खुणा कुठे आहेत?

येते, आणि पुष्कळांनी ओळखलीही. श्यामलनचं नाव पाहूनच लोक पहिल्या मिनिटापासून शोधाशोध करत बसले होते. १९९९च्या ‘द सिक्स्थ सेन्स’नंतर त्याच्या प्रेक्षकांना ही खोडच लागली.

खुणा बऱ्याच आहेत. सगळ्या ज्येष्ठांच्या घरात कुलूपबंद काळ्या पेट्या आहेत आणि त्या उघडायच्या नाहीत. त्यांचं बोलणं पाहा, जरा जास्तच घडवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातली माणसं असं बोलत असतील असं वाटणाऱ्या माणसांनी पाठ केल्यासारखं. काही समीक्षकांनी या संवादांची टर उडवली, पण ते अवघडलेपण बरोबर जागेवर आहे. एडवर्ड प्राध्यापक होता आणि त्याला ही भाषा पुस्तकातूनच मिळाली असणार. तिसरी खूण ज्येष्ठांच्या आठवणींची. त्यांनी सांगितलेल्या कहाण्यांमध्ये खून आहेत, बलात्कार आहे, नदीत टाकलेलं प्रेत आहे, पण घोडागाडी, युद्ध, दुष्काळ असं काळाचं नाव सांगणारं काहीच नाही. कोणत्याही महानगराच्या गुन्हे वृत्तात बसतील अशाच त्या कहाण्या आहेत.

आणि सगळ्यात ढळढळीत खूण पहिल्याच प्रसंगात थडग्याच्या दगडावर कोरलेली आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

गावात सापडणारी जनावरं सोलून कोण टाकत होतं? नोआला आधीपासून माहीत होतं का?

सिनेमा बोटाने दाखवत नाही, पण सगळा रोख नोआकडे आहे. ज्येष्ठांनाही हे कोण करतंय याचा पत्ता नसतो, हीच त्यातली गंमत. त्यांनी उभ्या केलेल्या सोंगात कोणीतरी स्वतःची भर घालतंय, आणि बाकी गावाइतकेच तेही घाबरलेत. नोआ जंगलातून लाल बोरं आणतो आणि त्याला ओरखडाही नसतो. जंगलातून आवाज आला की बाकीचे गारठतात, तो मात्र टाळ्या पिटत हसतो. कोंडून ठेवलेल्या खोलीत जमिनीच्या फळ्यांखाली त्याला वेष सापडतो. नोआ मूर्ख आहे असं सगळे धरून चालले आणि गावातल्या तरुण पिढीत खरं काय ते बहुधा त्यालाच सगळ्यांच्या आधी उमगलं.

इथे माझी एक तक्रार नोंदवून ठेवतो. मतिमंद माणसाला खुनशी दाखवायचं आणि मग त्याच्या मरणाचा कथेसाठी वापर करायचा, हे आज पाहताना खटकतं. ब्रोडीने काम चांगलं केलंय, पण पात्राला माणूस म्हणून जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही.

लाल आणि पिवळ्याचं काय प्रकरण आहे?

पडद्यावर लाल इतका काटेकोरपणे टाळलाय की जिथे येतो तिथे तो किंचाळतो. सुरुवातीचं दृश्य आठवा. दोन मुली हसतखेळत ओसरी झाडतायत, झाडता झाडता एकीला लाल फूल दिसतं, झटक्यात उपटून दोघी ते मातीत पुरतात आणि पुन्हा झाडू लागतात. एक शब्दही न बोलता अख्ख्या गावाचा कायदा सांगून झाला. नंतर दारांवर लाल खुणा येतात आणि शेवटी रक्त येतं.

याला त्या काळाचाही एक पदर आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकी सरकारने मार्च २००२मध्ये दहशतवादाच्या धोक्याची पाच रंगांची पट्टी आणली होती : खाली हिरवा, मध्ये पिवळा, सगळ्यात वर लाल. रोजच्या बातम्यांत आज कोणता रंग ते सांगायचे. त्यामुळे २००४मध्ये रंग दाखवून घाबरवणारे गावकारभारी पडद्यावर पाहताना तिथल्या प्रेक्षकाला काय आठवलं असेल ते उघड आहे. ‘सीमेपलीकडे शत्रू आहे, आम्ही सांगतो तसं वागलात तर सुरक्षित राहाल’, ही भाषा त्यांच्या रोजच्या ऐकण्यातली होती. मला मात्र हा सिनेमा एका सरकारपुरता मर्यादित वाटत नाही, आणि त्यामुळेच तो अजून शिळा झालेला नाही.

सगळ्यात मोठा दैवदुर्विलास कोणता?

एक निवडायचा तर मी पहिलाच प्रसंग निवडेन.

सिनेमा सुरू होतो तो अंत्यविधीने. सात वर्षांचा डॅनियल निकल्सन गेलाय. बाप ऑगस्ट शवपेटीवर ओणवून रडतोय, गाव अंतर राखून उभं आहे. दगडावर वर्षं : १८९० ते १८९७. पहिल्यांदा पाहताना आपण म्हणतो, बिचारा, त्या काळी औषधं कुठे होती. ल्यूशस पुढे औषधं आणायला परवानगी मागतो ती याच मरणामुळे.

दुसऱ्यांदा पाहा. ऑगस्ट ज्येष्ठांपैकी एक आहे. पायी गाठता येईल इतक्या अंतरावर दवाखाने आहेत, मोटारी आहेत, प्रतिजैविकं आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचा स्वतःचा भाऊ दवाखान्याच्या तातडीच्या विभागात काम करायचा, एका व्यसनी रुग्णाने त्याचा जीव घेतला. त्या दुःखातून हा माणूस इथे आला, परत न जाण्याची शपथ घेतली आणि ती पाळत स्वतःच्या पोराच्या उशाशी बसून राहिला. म्हणजे पहिल्या वेळी आपण ज्याला नशिबाचा घाला समजलो तो निर्णय होता. दगडावरची सालंदेखील खोटी. मुलाच्या थडग्यावरही खरी तारीख कोरता आली नाही या माणसाला. पुढे हाच ऑगस्ट ल्यूशसला सांगतो की दुःखापासून पळता येतं, पण ते माग काढत येतंच. पहिल्यांदा हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, दुसऱ्यांदा ऐकवत नाही.

ऑगस्ट झालेल्या ग्लीसनच्या त्या रडण्यात शोक किती आणि अपराधीपणा किती हे ठरवता येत नाही. दोन्ही वेळा दृश्य तेच आणि अभिनय तोच असतो, अर्थ मात्र उलटा होतो. कलाटणी नुसती चकवण्यासाठी असते तेव्हा तिच्यात हे बळ नसतं.

बाकीचे कोणते?

पैसा. एडवर्डचा बाप गडगंज श्रीमंत, पैशाला पैसा जोडणारा. धंद्यातल्या भागीदाराने त्याला झोपेत गोळी घातली. पैशाच्या त्या जगाला विटून एडवर्डने पैसाच नसलेलं गाव वसवलं, पण वसवलं ते त्याच पैशावर! जंगल विकत घेतलंय वॉकर घराण्याच्या संपत्तीतून आणि भिंतीवरच्या पहारेकऱ्यांचे पगारही तिथूनच होतात.

निष्पापपणा. बाहेरच्या हिंसेपासून मुलं वाचावीत म्हणून हा सगळा खटाटोप. आणि चाकू उचलतो तो गावातला सगळ्यात निष्पाप मानलेला जीव, तोही पैशासाठी किंवा नशेसाठी नव्हे, प्रेमात जळून. ही गोष्ट भिंतीबाहेर ठेवता येत नाही.

आणि भला माणूस. ‘शहरांत’ दुष्ट लोक राहतात असं ऐकत वाढलेली आयव्ही भिंत चढून पलीकडे उतरते. तिला भेटणारा पहिला माणूस केव्हिन, एक साधा पहारेकरी. नोकरी धोक्यात घालून, कोणाला कळू न देता तो तिला औषधं आणून देतो. त्याच्या आवाजात माया आहे आणि ती आपल्याला अपेक्षित नव्हती, असं आयव्ही त्याला तोंडावर सांगते. एका वाक्यात ज्येष्ठांची सगळी शिकवण कोसळते, पण तिला ते जाणवत नाही. आपल्याला जाणवतं.

आयव्ही आंधळीच का दाखवली? ही लेखकाची पळवाट नाही का?

थोडी आहे. डोळस मुलगी गेली असती तर मोटार पाहिल्याबरोबर खेळ खलास झाला असता, त्यामुळे कथेला तिचं आंधळेपण हवंच होतं. घनदाट जंगलातून तिचं एकटीने वाट काढत जाणं कितीही समजून घेतलं तरी घशाखाली उतरत नाही.

पण एडवर्डलाही ते हवंच होतं, आणि त्यामुळे पळवाट असूनही ती कथेत मुरते. बाहेर जाऊनही ज्याला बाहेर काय आहे ते कळणार नाही असं गावातलं एकच माणूस, आणि ती त्याची लाडकी लेक. बापाचं प्रेम आणि कारस्थानी डोकं दोन्ही एकाच निर्णयात आहेत, वेगळे काढता येत नाहीत. तिची दृष्टी आजारपणात गेलेली, हेही विसरू नका. ज्या औषधबंदीने तिची दृष्टी बहुधा गेली, तीच बंदी टिकवण्याच्या कामी तिचं आंधळेपण आलं.

मग तिला नेमकं काय कळलं?

वेष खोटे आहेत हे कळलं. जंगलात तिच्यावर धावून आलेलं काय होतं हे मात्र कळलं असं दिसत नाही. गावात परतल्यावर तिने ‘त्यांच्यापैकी एकाला’ मारल्याची बातमी पसरते. ज्याच्याशी ती लहानपणापासून खेळली, त्यालाच आपण खड्ड्यात लोटलं याची तिला कल्पना नाही. काळाचंही तेच. मोटारीचा आवाज तिला अनोळखी वाटतो, पण १८९७ हे साल खोटं असू शकतं हे तिच्या डोक्यात यायचं कारणच काय?

एडवर्ड स्वतः का गेला नाही?

शपथ. सगळ्या ज्येष्ठांनी परत न जाण्याची शपथ घेतलेली आहे आणि एडवर्डला ती अक्षरशः पाळायची आहे. मुलीला पाठवणं शपथेत बसतं! सोन्याचं खिशातलं घड्याळ आणि औषधांची यादी तिच्या हातात देतो आणि स्वतः हद्दीच्या आत राहतो. विल्यम हर्टने हा माणूस असा रंगवलाय की त्याचा राग येत नाही, आणि तो यायला हवा होता असं सिनेमा संपल्यावर वाटतं.

शेवटी ज्येष्ठ एकेक करून उभे का राहतात?

मतदान चाललंय. ल्यूशसच्या खाटेभोवती सगळे जमलेत. नोआ मेल्याचं कळलंय, त्याची आई रडतेय. एडवर्ड तिला सांगतो की तिच्या मुलाने आपल्या गोष्टी खऱ्या केल्या. लोकांना सांगता येईल की तो प्राण्यांनी मारला गेला, आणि सगळ्यांची इच्छा असेल तर गाव असंच पुढे चालू शकेल. पहिला उभा राहतो, मग दुसरा, मग सगळे.

माझ्या लेखी सिनेमाची खरी कलाटणी ही आहे, भिंतीपलीकडची मोटार तिच्यापुढे काहीच नाही. सत्तरच्या दशकात हे लोक आले तेव्हा दुःखाने वेडे झाले होते, शोकग्रस्तांच्या समुपदेशन केंद्रात एकमेकांना भेटले होते. त्या वेळी खोटं निवडलं तर माणूस म्हणून समजून घेता येतं. आता मात्र खोट्याची किंमत डोळ्यांपुढे आहे : ऑगस्टचा मुलगा, आयव्हीची दृष्टी, खाटेवरचा ल्यूशस, खड्ड्यातला नोआ. तरी ते उभे राहतात, जबरदस्ती कोणाचीच नसते. त्यानंतर आयव्ही आत येते, आपण परत आलो एवढं ल्यूशसला सांगते आणि पडदा पडतो. तो वाचला का, हे दाखवलेलंच नाही. ‘सुखान्त’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे एकदा तपासून पाहावं.

वरून विमानं जात नाहीत, कर नाही, जनगणना नाही. हे शक्य तरी आहे का?

नाही. विमानांचे मार्ग वळवण्यासाठी वर पैसे चारले होते असं पहाऱ्याच्या चौकीत एका वाक्यात उरकून टाकलंय. तिथेच ‘वॉकर वन्यजीव अभयारण्य’ हे नावही कळतं. फार विचार करू नये. सिनेमा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, २००५मध्ये, गूगल अर्थ आलं आणि अंगण झाडणाऱ्या त्या मुलीही आकाशातून दिसल्या असत्या.

ही आमिश लोकांची गोष्ट आहे का?

पेन्सिल्व्हेनियातच, लँकेस्टर परगण्यात, आधुनिक साधनं टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती समाजाची मोठी वस्ती आहे आणि जुने कपडे पाहून लोकांना तेच आठवतं. पण साम्य कपड्यांपाशी संपतं. आमिश लोकांना बाहेर काय चाललंय ते माहीत असतं. ते शेजाऱ्यांशी व्यवहार करतात, गरज पडली तर डॉक्टरकडे जातात आणि बाप्तिस्मा घ्यायचा की नाही हे मोठं झाल्यावर ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कॉव्हिंग्टनच्या मुलांना निवडायला दुसरं काही आहे हेच कोणी सांगितलेलं नाही.

समीक्षकांनी एवढं झोडपलं का?

रॉजर ईबर्टने चारपैकी एक तारा दिला होता. बाकीच्यांचीही मतं दुभंगलेली. मोठा दोष जाहिरातीचा. झलकींमध्ये राक्षसपट विकला आणि दाखवला शोकपट. पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत सुमारे ५ कोटी डॉलर जमले आणि पुढच्या आठवड्यात गल्ला जवळपास दोन तृतीयांशाने घसरला. तोंडी प्रसिद्धी कशी झाली असेल ते यावरून समजा. तरी सुमारे ६ कोटी डॉलरच्या सिनेमाने जगभरात २५ कोटींवर कमावले, तेव्हा ‘पडला’ म्हणता येणार नाही.

टीकेतला एक मुद्दा मला मान्य आहे. शेवटाकडे काळ्या पेट्या उघडतात, ज्येष्ठांचे जुने आवाज ऐकू येतात, आधुनिक कपड्यांतला एकत्र फोटो दिसतो. भिंत आणि मोटार दाखवून झाल्यावर एवढं उलगडून सांगायची गरज नव्हती. प्रेक्षकावर विश्वास ठेवला असता तर बरं झालं असतं.

कथा चोरलेली होती म्हणतात, ते काय?

मार्गारेट पीटरसन हॅडिक्स यांची ‘रनिंग आउट ऑफ टाइम’ ही किशोर कादंबरी १९९५ची. त्यात एका मुलीला आपलं गाव १८४०मधलं आहे असं वाटत असतं, प्रत्यक्षात काळ आजचा असतो, आणि साथ आल्यावर आई तिला औषधासाठी बाहेर पाठवते. साम्य डोळ्यांवर येण्यासारखं आहे. सिनेमा आल्यावर कादंबरीच्या प्रकाशकांनी कायदेशीर पर्यायांची चाचपणी करत असल्याचं सांगितलं, श्यामलन आणि डिस्ने यांच्याकडून आरोप निराधार असल्याचं सांगण्यात आलं. फरक एवढाच दाखवता येईल की त्या कादंबरीतलं गाव पर्यटकांना दाखवायचं ठिकाण आहे. कॉव्हिंग्टनकडे बघायला कोणी येत नाही.

श्यामलनवरचा ‘गुपित’ उघड करणारा माहितीपट खरा होता का?

धादांत खोटा. सिनेमाच्या तोंडावर साय-फाय वाहिनीने तो दाखवला. श्यामलन लहानपणी बुडता बुडता काही वेळ मृत होता, तेव्हापासून त्याचा आत्म्यांशी संपर्क आहे, असं काहीबाही त्यात होतं. तो चिडून चित्रीकरणातून बाहेर पडल्याची आवईही वाहिनीने उठवली. नंतर हा प्रसिद्धीसाठीचा बनाव असल्याचं कबूल करावं लागलं. श्यामलनही त्यात सामील होता. खोट्या दंतकथा रचून लोकांना धाकात ठेवणाऱ्यांवरच्या सिनेमाची जाहिरात खोटी दंतकथा रचून केली. हा उपरोध कोणी लिहिला नव्हता, आपसूक घडला.

श्यामलन भारतीय ना? स्वतः कुठे दिसतो?

जन्म १९७०चा, माहेचा. माहे म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरचा पुदुच्चेरीचा तुकडा. वाढला मात्र फिलाडेल्फियाच्या परिसरात आणि त्याचे बहुतेक सिनेमे तिथलेच. इथे तो पहाऱ्याच्या चौकीत वर्तमानपत्र वाचत बसलेला वरिष्ठ आहे. चेहरा थेट दिसत नाही, औषधांच्या कपाटाच्या काचेत प्रतिबिंब दिसतं. गावात कोणालाच ठाऊक नसलेला आजचा काळ केव्हिनशी गप्पा मारत सांगतो तो लेखकच.

दुसऱ्यांदा पाहताना कशाकडे लक्ष द्यावं?

एडवर्ड आणि ॲलिस हंट, म्हणजे ल्यूशसची आई, यांच्या हातांकडे. तो तिला कधीच स्पर्श करत नाही आणि ल्यूशस त्यावरूनच ओळखतो की त्याचा तिच्यावर जीव आहे. या माणसाने गावासाठी काय काय दाबून टाकलंय याचा अंदाज तिथे येतो. मग जंगलातले ‘प्राणी’ गावात शिरतात ती रात्र पाहा. आयव्ही दारात हात बाहेर काढून ल्यूशसची वाट पाहतेय, वेषातलं ते धूड तिच्याकडे येतंय, आणि शेवटच्या क्षणी ल्यूशस येऊन तो हात धरतो. पहिल्यांदा आपण प्राण्याला भितो. दुसऱ्यांदा प्रश्न पडतो की त्या झग्यात त्या रात्री कोण होतं, आणि ज्येष्ठांपैकीच कोणी असेल तर एडवर्डच्या लेकीला घाबरवताना त्याला काय वाटलं असेल.

कान मात्र संगीताकडे ठेवा. जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत आणि हिलरी हानचं व्हायोलिन, ऑस्करचं नामांकन मिळालेलं. त्या हात धरण्याच्या क्षणाला व्हायोलिन भीती सोडून प्रेमाकडे वळतं. हा शोकपट आहे की राक्षसपट, याचं उत्तर संगीतकाराला पहिल्यापासून माहीत होतं.

मुलांबरोबर पाहता येईल का?

अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र आहे. रक्तपात फार नाही, सोललेली जनावरं आणि चाकूचा प्रसंग आहे. आठवी-नववीच्या मुलांना दाखवायला हरकत नाही. फक्त नंतर ‘तुम्ही आम्हाला लहानपणी काय काय खोटं सांगितलंत?’ असं विचारतील, त्याची तयारी ठेवा.